शंभर अधिक वय

“बोलू नको गं. हात सैल सोड,” सिस्टर म्हणतात आणि रबरी फुगा दाबू लागतात.

बाकावरची मुलगी गप्पच आहे. बोलते आहे ती तिची जाऊ. पहाटे फडात गेलो, ट्रॉली भरून दिली, मग इकडं आलो, आता परत मोळ्या बांधायला जायचंय, असं सगळं ती एका दमात सांगते. सिस्टर तिच्याकडे न बघताच ओठांवर बोट ठेवतात. कानांत स्टेथोस्कोप आणि नजर तबकडीच्या काट्यावर.

शिरूर तालुक्यातला हा न्हावऱ्याचा पट्टा. जानेवारीची ९ तारीख आहे आणि आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात गरोदर बायकांची रांग लागली आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बाईला डॉक्टरांनी स्वतः तपासायचं, हा सुरक्षित मातृत्व अभियानाचा २०१६ पासूनचा शिरस्ता. रांगेत गावातल्या लेकी-सुना आहेत, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आलेल्यांच्या बायका आहेत आणि ऊसतोडीच्या कोप्यांवरून आलेल्या या दोघी जावा. मुलगी २२ वर्षांची, सातवा महिना. नाव बीड जिल्ह्यातल्या गावी नोंदवलेलं. तिथलं माता-बाल संरक्षण कार्ड तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून आणलं आहे.

आल्या आल्या तिला पट्टा बांधलेला नाही. आधी पाच मिनिटं बसवलंय. पाठ भिंतीला टेकलेली, पावलं जमिनीवर, बाही वर सारलेली, दंड छातीच्या उंचीला यावा म्हणून हाताखाली रजिस्टरांची चळत. चहा घेऊन आलीस का, लघवीला जाऊन आलीस का, हेही विचारून झालंय. आता हवा सुटते, काटा खाली उतरतो. दाबून बंद केलेल्या धमनीतून रक्त पुन्हा वाहू लागलं की कानात पहिला ठोका येतो, तो वरचा आकडा. ठोके ऐकू येईनासे होतात, तो खालचा. निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन शल्यविशारदानं १९०५ साली हे आवाज जगाला सांगितले. या व्हरांड्यात ट्रॅक्टरवरच्या गाण्यांच्या गदारोळातून सिस्टर तेच आवाज वेचून काढताहेत.

“१२८/८४,” त्या म्हणतात.

जाऊबाईचा जीव भांड्यात पडतो. “म्हंजी चांगलाच हाय की!”

सिस्टर उत्तर देत नाहीत. कार्ड उलगडतात आणि तिसऱ्या महिन्याच्या रकान्यावर बोट ठेवतात. तिथं निळ्या शाईत लिहिलंय, ९८/६२.

हे बोट ठेवणं मला फार मोलाचं वाटतं. गरोदरपणात रक्तवाहिन्या सैलावतात. मधल्या महिन्यांत बीपी उलट थोडा उतरतो आणि दिवस भरत आले की पुन्हा पहिल्या जागेवर येतो. या मुलीचा मात्र वरचा आकडा ३० नं आणि खालचा २२ नं चढलाय, तेही सातव्या महिन्यात. पाच महिने उलटल्यानंतर १४०/९० किंवा त्याहून जास्त बीपी पुन्हा मोजूनही तसाच निघाला, तर त्याला गरोदरपणातला उच्च रक्तदाब म्हणतात. मुलगी अजून त्या रेषेच्या अलीकडे आहे. पण तिकडेच निघाली आहे, हे दोन रकाने शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. तिचं जुनं कार्ड बीडलाच राहिलं असतं तर आजचा आकडा ‘चांगला’ म्हणून नोंदला गेला असता.

डॉक्टर तिला आत बोलावतात. डोकं दुखतं का? डोळ्यांपुढं अंधारी येते, काजवे चमकतात? छातीखाली, वरच्या पोटात कळ येते? तोंडावर, बोटांवर सूज? मुलगी प्रत्येकाला मान हलवून नाही म्हणते. मग थोडं थांबून सांगते, “जोडवी काढून ठेवलीत. बसंनात.” डॉक्टर पायांवर अंगठा दाबून खळगा किती वेळ राहतो ते बघतात. लघवीत पट्टी बुडवतात, रंग पालटायची वाट बघतात. प्रथिनं उतरलेली नाहीत. अर्ध्या तासानं पुन्हा बीपी घेतात, १२६/८४.

“चार दिवसांनी परत यायचं,” डॉक्टर सांगतात. “आणि मी विचारलं त्यातलं एक जरी झालं, तर चार दिवस थांबायचं नाही. रात्र असली तरी निघायचं. १०८ ला फोन करायचा.”

आता नवरा पुढे येतो. चोविशीचा असेल, अंगावर उसाचं कूस. त्याचा प्रश्न सरळ आहे. चार दिवसांनी पुन्हा यायचं म्हणजे पुन्हा खाडा. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यावर मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल. एका दिवसाचा खाडा पडला की तेवढे पैसे कापले जातात, वर दंड. तो बायकोची काळजी करत नाही असं अजिबात नाही. तिला सकाळी मोटारसायकलवर हळू चालवत आणल्याचं तो दोनदा सांगतो. पण त्याच्या हिशेबात १२८/८४ ला खाड्याएवढी किंमत कशी येणार?

डॉक्टर त्याला बाकावर बसवतात. हा आकडा वाढत जाऊन १६०/११० झाला तर काय होतं, ते न घाबरवता पण न लपवता सांगतात. झटके येतात. मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन द्यावं लागतं. बाळ आणि आई दोघांचाही प्रश्न होतो. मग कॅल्शियमच्या गोळ्यांची पट्टी त्याच्याच हातात देतात. ज्यांच्या जेवणात दूधदुभतं कमी, अशा बायकांमध्ये कॅल्शियमनं हा धोका कमी होतो, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. लोहाची गोळी आणि ही एकाच वेळी घ्यायची नाही, हेही त्यालाच पाठ करायला लावतात. “मुकादमाशी मी बोलते,” इतका वेळ दारात उभ्या असलेल्या आशाताई मध्येच म्हणतात. “कोप्या आमच्या रस्त्यावरच हायेत. चार दिवसांनी तू नाय आलास तर मीच येऊन घेऊन जाईन हिला.”

आशाताईंच्या या बोलण्याला या तालुक्यात जुनी परंपरा आहे. इथून लांब नसलेल्या वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात गावातल्याच बायकांना आरोग्याचं काम शिकवायला घेतलं. आशा योजना आली ती २००५ मध्ये. कोयाजींना १९९३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वढू परिसरातल्या २२ गावांमध्ये कोण जन्मलं, कोण गेलं, कोण बाहेरून येऊन राहिलं, याची नोंद २००२ पासून ठेवली जाते आहे. माणसाला ओळखणारं कुणीतरी त्याच्या आसपास असलं की आकड्याला अर्थ येतो, हे इथं फार आधी कळलेलं आहे.

न्हावऱ्याहून चौफुल्याकडे जाणारा रस्ता उसातूनच जातो. भीमेच्या अलीकडे एका जिल्हा परिषद शाळेत आरोग्य पथक आलंय. मुलं वर्गाबाहेर रांगेत. वजन, उंची, दात, डोळे. बीपीचं यंत्र निघालं की रांगेत एकदम शांतता पसरते.

टेबलावर तीन पट्टे आहेत, लहान, मधला, मोठा. सातएक वर्षांच्या एका गुबगुबीत मुलाला नर्स लहान पट्टा बांधते, यंत्र ११८/७६ दाखवतं. डॉक्टर पट्टा बदलायला सांगतात. दंडाला आखूड पडणारा पट्टा खोटा जास्त आकडा देतो आणि फार मोठा झाला तर खोटा कमी. मधल्या पट्ट्यानं येतो १०२/६४. मुलगा सुटतो आणि उड्या मारत जातो.

लहान मुलांना मोठ्यांचा १२०/८० लावायचा नसतो. तान्ह्या बाळाचा वरचा आकडा सत्तरच्या आसपास असतो, शाळेत जाऊ लागलेल्या मुलाचा शंभराच्या आगेमागे. वय, उंची आणि मुलगा की मुलगी हे पाहून तक्त्यात जागा शोधायची. सात वर्षांच्या मुलाचा बीपी १०६/६८ च्या वर दिसला तर पुन्हा नीट मोजून तक्ता बघावा, अशी बालरोगतज्ज्ञांची सोपी खूण आहे. तेराव्या वर्षापासून मोठ्यांचं मोजमाप लागू होतं. तीन वर्षांवरच्या प्रत्येक मुलाचा बीपी वर्षातून एकदा तरी मोजला जावा, असं तज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे ताप आला की मुलाच्या काखेत थर्मामीटर जातो, पण त्याच्या दंडाला कधी पट्टा बांधला होता, हे बहुतेक आयांना आठवणार नाही. बांधलेलाच नसतो.

रांगेत नऊ वर्षांची एक मुलगी येते. सडपातळ, पण डोळ्यांखाली फुगीर. नर्स दोनदा मोजते. १२६/८४.

काही तासांपूर्वी जवळपास हाच आकडा मी एका बाईच्या कार्डावर पाहिलाय. इथं तो ऐकताच डॉक्टर हातातलं पेन खाली ठेवतात. मुलीला जवळ घेऊन विचारतात, “लघवीचा रंग कसा असतो गं?” ती लाजते. शिक्षिका तिला बाजूला नेतात, परत येऊन सांगतात, “चहासारखा लाल, म्हणते.” मुलीच्या नडगीवर सुकलेल्या फोडांचे काळे डाग आहेत. दिवाळीनंतर पायाला खूप फोड आले होते, गावातल्या दुकानातून मलम आणलं होतं, हे तिची आजी येऊन सांगते. कातडीवरच्या फोडांतला किंवा घशातला जंतुसंसर्ग बरा झाल्यावर काही आठवड्यांनी मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. बीपी चढतो, चेहरा सुजतो, लघवी लाल होते. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. डॉक्टर त्याच क्षणी गाडीची सोय करायला लागतात. आजी म्हणते, “बीपी तर म्हाताऱ्यांना असतो ना?” तिला समजावायला आत्ता कुणाला वेळ नाही. गाडीत मुलीशेजारी ती बसते, दप्तर मांडीवर घेऊन.

मुलांच्या बीपीचा धागा थेट आईच्या पोटापर्यंत जातो. केईएमच्याच डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये आया आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा चालवला. बाळं वजनानं कमी, हातापायांनी किडकिडीत, तरी अंगात चरबी राखून असलेली, हे त्यातून पुढे आलं. कमी वजनानं जन्मलेलं मूल पुढे भराभर वजन वाढवू लागलं, तर मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही त्याच्या वाटेवर लवकर येतात. सकाळच्या त्या ऊसतोडीवरच्या मुलीच्या कार्डावर बाळाच्या वाढीचा रकाना अजून रिकामा आहे.

पारगावला भीमा ओलांडली की दौंड तालुका. केडगावच्या आसपास गुऱ्हाळांच्या धुराड्यांतून पांढरा धूर निघतोय, काहिलीतल्या रसाचा वास रस्त्यापर्यंत येतो. गावच्या उपकेंद्राला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिशीच्या पुढच्यांची बीपी-साखरेची तपासणी तिथं चालते. आत समुदाय आरोग्य अधिकारी मॅडम एकट्याच सगळं बघताहेत.

समोर ४८ वर्षांची एक बाई. ऑक्टोबरात १७२/१०४ होता. तेव्हा तिला काहीच होत नव्हतं, हे ती आजही तक्रारीच्या सुरात सांगते. गोळी सुरू झाली, रोजची. मॅडम पट्टा सोडतात आणि हसतात. “१२८/८४. अक्का, पेढे द्या!”

माझ्या वहीत जवळपास हाच आकडा आज तिसऱ्यांदा येतो. न्हावऱ्याला त्यानं डॉक्टरांच्या कपाळावर आठी आणली, शाळेत धावपळ उडवली, आणि इथं त्याचंच कौतुक चाललंय. १४०/९० च्या खाली राहिलं पाहिजे, ते राहिलंय. पाळी जायच्या वयात बायकांचा बीपी चढू लागतो. तोवर पुरुषांमध्ये जास्त दिसणारा हा आजार नंतर बायकांमध्ये तितकाच, पुढे पुढे जास्तच दिसतो.

“म्हंजी गोळी बंद करू आता?” अक्का विचारतात.

“गोळी चालू आहे म्हणून आकडा खाली आलाय,” मॅडम शांतपणे सांगतात. हे वाक्य त्या दिवसातून कितीदा म्हणत असतील! देशात पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्के आणि बायकांपैकी २१ टक्के माणसांना रक्तदाब आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनं दाखवलं. त्यातले कितीतरी ‘मला काही होत नाही’ म्हणून घरी बसतात आणि कितीतरी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी सोडतात. मग मॅडम सवयींकडे वळतात. मिश्री सोडली का? “दोनदाच लावते.” जेवताना वरून मीठ? “वरून न्हाई. ठेच्यात आसतं तेवढंच.” खारवडी, पापड, लोणचं, खारे दाणे, सगळं धरून दिवसाला एक चमचा, पाच ग्रॅम, याहून जास्त मीठ पोटात जायला नको. मॅडम टेबलावर चमचाभर मीठ काढूनच दाखवतात. अक्का त्याकडे बघत राहतात.

शेवटी मॅडम एक प्रश्न विचारतात, आणि तो मला आजच्या दिवसातला सगळ्यात शहाणा प्रश्न वाटतो. “बाळंतपणात कधी बीपी वाढला होता का?”

“थोरल्याच्या वेळी झटके आलते,” अक्का म्हणतात. “ससूनला नेलं होतं. त्याला झाली की तीस वर्षं. त्याचं काय आता?”

मॅडम ते कार्डावर लिहून घेतात. ज्या बाईचा बीपी गरोदरपणात चढला, तिला पुढच्या आयुष्यात रक्तदाबाचा, हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. बाळंतपण निभावलं की घरचे ते विसरतात. अक्कांचा बीपी मधली सगळी वर्षं दरसाल मोजला गेला असता, तर १७२ पर्यंत जाण्याआधीच हाती लागला असता.

दौंडला पोचेपर्यंत ऊन उतरलंय. जंक्शनचं गाव. मनमाडकडे आणि सोलापूरकडे जाणाऱ्या गाड्या इथून वाटा बदलतात. राज्य राखीव पोलीस दलाची वसाहत इथली, रेल्वेची पेन्शनर मंडळीही इथलीच. सरकारी रुग्णालयातल्या बीपी-साखरेच्या खोलीत बरीचशी गर्दी त्यांचीच. ७६ वर्षांचे एक आजोबा, रेल्वेत पॉइंट्समन होते. सोबत नातू, हातात मोटारसायकलची किल्ली.

आजोबा बसल्या बसल्या नियम सांगून टाकतात. “शंभर अधिक वय. आमच्या रेल्वेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला एकशे शहात्तर चालतंय.”

त्यांचा निघतो १६४/७०.

“बघा! बाराची सूट हाय अजून.”

खोलीतली डॉक्टर तरुण आहे, पण घाईत नाही. ती खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसते. वरचा आकडा इतका वर आणि खालचा इतका खाली का, हे सांगताना ती शेतातलं उदाहरण घेते. ठिबकची नळी नवी असताना पाण्याच्या दाबानं थोडी फुगते, दाब स्वतःत जिरवते. उन्हात वर्षं काढली की कडक होते, मग पंपाचा धक्का जसाच्या तसा पुढे जातो. पन्नाशी-साठीनंतर मोठ्या धमन्यांचं असंच होतं. म्हणून वरचा आकडा चढतो आणि खालचा उतरतो. हे वयानं होतं, खरं. पण वयानं होतं म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. पक्षाघाताला वरचा आकडा पुरतो.

‘शंभर अधिक वय’ हा हिशेब महाराष्ट्रातल्या घराघरांत आहे. कधीकाळी डॉक्टरही तो सांगत. वयाबरोबर बीपी चढणारच, असं त्यामागे धरलेलं होतं. पण १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरसॉल्ट अभ्यासात ३२ देशांतल्या ५२ ठिकाणच्या दहा हजारांवर माणसांचा बीपी आणि लघवीतलं मीठ मोजलं. आपल्याकडचे दिल्ली आणि लडाखही त्यात होते. ॲमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक जेवणात मीठ जवळजवळ घेतच नाहीत. त्यांचा सरासरी बीपी ९५/६१ च्या आसपास निघाला, आणि वय वाढलं तरी तो चढत नव्हता. म्हणजे आपल्या आजोबांचे १६४ हे नुसत्या वयाचं देणं नव्हे. त्यात आयुष्यभराचं मीठ आहे, तंबाखू आहे, रात्रपाळ्या आहेत. आणि या वयात औषधाचा काय उपयोग, या प्रश्नालाही २००८ मध्ये उत्तर मिळालं. हायव्हेट नावाच्या चाचणीत ऐंशी आणि त्यावरच्या वयाच्या माणसांना बीपीची गोळी दिली, तेव्हा मृत्यू कमी झाले आणि हृदय थकण्याचं प्रमाण तर फारच घटलं.

तरीही डॉक्टर लगेच गोळी वाढवत नाही. “बाबा, उभे राहा.” एक मिनिट, मग आणखी दोन. उभ्यानं मोजते, १३८/६६. आजोबा टेबलाची कड धरतात. वरचा आकडा उभं राहिल्यावर वीसनं किंवा जास्त उतरला, तर तोल जायचा धोका असतो. रात्री लघवीला उठल्यावर एकदा भिंतीवर आदळलो होतो, हे आजोबा आता सांगतात. नातवाला ते ठाऊक नव्हतं. डॉक्टर सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या टेबलावर ओतायला लावते, त्यात प्रोस्टेटची एक गोळी सापडते, तिच्यानंही बीपी उतरतो. ती त्या गोळीची वेळ बदलते. अंथरुणात आधी बसायचं, पाय खाली सोडायचे, मग उठायचं. पाणी पुरेसं प्यायचं. ऐंशीच्या जवळ आलेल्या शरीराला आकडा हळूहळूच उतरवून द्यायचा.

पट्टा अजून टेबलावरच आहे. डॉक्टर नातवाकडे बघते. “तू बस.”

“मला काय झालंय? मी यांना घेऊन आलोय.”

“वय?”

“एकोणतीस.” कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातो. तिशीच्या तपासणीच्या यादीत त्याचं नाव यायला अजून वर्ष आहे. तो हसत बसतो. १५४/१००. पाच मिनिटं गप्प बसवून दुसऱ्या हाताला, १५२/९८.

आजोबा पुढे वाकून आकडा बघतात. “आमच्या हिशेबानं एकशे एकोणतीस. ह्याचा तर त्याच्याही वर गेला.”

आता नातू हसत नाही. डॉक्टर त्याला विचारत जाते. झोप किती? तंबाखू? घोरतोस का? जिमची कसली पावडर, दुखण्याच्या गोळ्या? इतक्या कमी वयात बीपी निघाला की मूत्रपिंड आधी बघायचं, म्हणून लघवी आणि क्रिएटिनिनची चिठ्ठी लिहिते. आज गोळी देत नाही. आठवड्यानं पुन्हा मोजायचं, तेव्हाही असाच असेल तर सुरू करायची. “रात्रपाळी उरकून थेट येऊ नको. झोप काढून ये, चहा न घेता ये,” ती सांगते आणि नवं कार्ड त्याच्यापुढे सरकवते. आजोबा खिशातलं पेन काढून देतात. नातू स्वतःचं नाव लिहायला लागतो.